कुंभकोणम्‌चे एमजीआर

नट राज्यकर्ता झाल्याची गोष्ट निघाली की हॉलिवूडच्या रोनाल्ड रेगन यांचे नाव हटकून येते. जानेवारी १९६७ मध्ये ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. त्याच महिन्याच्या १२ तारखेला मद्रासमध्ये एका लोकप्रिय नटावर त्याच्या घरात, दुसऱ्या एका नटाने गोळी झाडली. गोळी मानेत शिरली. नट वाचला, आवाज मात्र कायमचा घोगरा झाला. मानेला पट्टी बांधलेला त्याचा फोटो भिंतीभिंतीवर लागला आणि रुग्णालयातूनच तो आमदार म्हणून निवडून आला. हे मरुदूर गोपालन रामचंद्रन, म्हणजेच एमजीआर. पुढे १९७७ मध्ये ते तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले. रेगन राष्ट्राध्यक्ष झाले ते त्यानंतर साडेतीन वर्षांनी.

तमिळ माणसांचा हा देव जन्माने तमिळ नव्हता. घराणे केरळचे, जन्म १७ जानेवारी १९१७ चा, सिलोनमधला. वडील लवकर वारले आणि आई सत्यभामा मुलांना घेऊन कुंभकोणम्‌ला आली. तंजावरच्या मराठी राज्यामुळे हा कावेरीकाठ आपल्याला अगदीच परका नाही. देवळांचे, महामहम् तीर्थाचे हे गाव. गणिती रामानुजनही इथलेच. पण या विधवेच्या घरात दोन वेळची चूल पेटण्याची खात्री नव्हती. रामचंद्रन आणि थोरला भाऊ चक्रपाणी इथल्या आनैयडी शाळेत जात. ती शाळा लवकरच सुटली. पोरे ‘मदुराई ओरिजिनल बॉईज कंपनी’ या नाटक मंडळीत गेली. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्यांतही कितीतरी मुले अशीच आली होती. कलेची ओढ वगैरे नंतर. तिथे जेवायला मिळत होते, हे आधी.

सिनेमात त्यांना पहिली संधी मिळाली ती एका अमेरिकन दिग्दर्शकाच्या चित्रपटात. एलिस डंगन हे ओहायोचे. कॅलिफोर्नियात सिनेमाचे शिक्षण घेतलेले. १९३५ मध्ये मित्राबरोबर थोड्या दिवसांसाठी आले आणि पंधरा वर्षे राहिले. तमिळ येत नसताना त्यांनी तमिळ चित्रपट काढले, एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांची ‘मीरा’ त्यांचीच. त्यांच्या ‘सती लीलावती’त (१९३६) एमजीआर पोलीस इन्स्पेक्टरच्या छोट्या भूमिकेत दिसले. त्यानंतर बरीच वर्षे किरकोळ कामे. नायक व्हायला १९४७ चा ‘राजकुमारी’ उजाडला. तोवर तिशी आली होती. आजच्या हिरोंना इतका धीर धरवेल का, शंकाच आहे! १९५० च्या ‘मंदिरी कुमारी’त पुन्हा डंगनच दिग्दर्शक होते, आणि संवाद लिहिले होते एम. करुणानिधी नावाच्या तरुणाने.

मग तलवारबाजीचे चित्रपट आले. त्यानंतर कोळी, शेतकरी, रिक्षावाला. ‘रिक्षाक्कारन’साठी (१९७१) त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिनेता म्हणून शिवाजी गणेशन त्यांच्याहून कितीतरी सरस, असे माझे मत आहे आणि ते पुष्कळांचे असेल. पण पडद्यावर एमजीआर दारू पीत नसत, सिगारेट ओढत नसत, आईला अंतर देत नसत आणि गरिबाच्या बाजूने उभे राहत. प्रेक्षकाला तो अभिनय वाटलाच नाही. ही प्रतिमा त्यांनी फार काळजीपूर्वक जपली आणि मतपेटीपर्यंत नेली. त्यांच्या कारभारावर टीका कमी झाली नाही. व्यक्तिपूजा तर इतकी वाढली की पक्ष म्हणजे तेच, असे होऊन बसले.

तरी १ जुलै १९८२ ही तारीख विसरता येत नाही. त्या दिवशी खेड्यांतल्या लहान मुलांना रोज दुपारचे गरम जेवण देण्याची योजना सुरू झाली. शाळेत जेवण देणारे ते पहिले मुख्यमंत्री नव्हेत. कामराज यांनी १९५० च्या दशकात ही वाट घातली होती. एमजीआर यांनी ती बालवाडीच्या वयापर्यंत नेली आणि फार मोठी केली. एवढा पैसा आणणार कुठून, अशी ओरड झाली. ते मागे हटले नाहीत. लहानपणीच्या उपासमारीत शेजारणीने दिलेली भाताची पेज आपण विसरलो नाही, असे त्यांनी तेव्हा सांगितले होते.

१९८४ मध्ये ते गंभीर आजारी पडले. उपचार न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. प्रचाराला एक दिवसही न येता निवडणूक जिंकली. २४ डिसेंबर १९८७ रोजी ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले.

‘मंदिरी कुमारी’चे संवाद लिहिणारे करुणानिधी तोवर त्यांचे कट्टर राजकीय विरोधक झाले होते. १९८९ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. मुलांचे जेवण त्यांनी बंद केले नाही. उलट दर पंधरा दिवसांनी ताटात एक अंडे वाढवले.