मुंडावळ्या आधी, माथापट्टी नंतर

लग्न ठरलं की साडी, ब्लाउज, दागिने, मेंदी, पार्लर सगळ्यांच्या याद्या होतात. डोक्यावर काय घालायचं हे मात्र शेवटच्या आठवड्यात आठवतं आणि रात्री अकरा वाजता मोबाइलवर फोटो बघून घाईघाईत ऑर्डर दिली जाते. माझ्या मामेबहिणीनं अगदी हेच केलं.

ती बडोद्याची. लग्नात जांभळी पैठणी नेसायची होती आणि त्यावर तिनं मागवली कुंदनची भरगच्च माथापट्टी. फोटोत ती लेहंगा घातलेल्या मॉडेलच्या कपाळावर होती आणि सुरेख दिसत होती. लग्नाच्या सकाळी पार्लरवाल्या ताईंनी पिना लावून ती पक्की बसवली. गौरीहर पूजायला बसायच्या आधी मामी मोत्यांच्या मुंडावळ्या घेऊन आली आणि म्हणाली, "अगं, आता ह्या कुठे बांधू?"

कपाळावर जागाच नव्हती. वर बांधल्या तर मुंडावळ्या माथापट्टीच्या साखळ्यांत अडकत होत्या, खाली बांधल्या तर भुवयांवर येत होत्या. शेवटी माथापट्टी काढली, तर कपाळावर लाल वळ आणि दोन्ही बाजूंचे केस विस्कटलेले. नंतरच्या निम्म्या फोटोंत तिचा हात कानामागे बट सारताना दिसतो.

गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्यांची आपण चेष्टा करतो. पण खरं बाशिंग काय किंवा मुंडावळ्या काय, बांधायच्या कपाळालाच. त्यामुळे मराठी पद्धतीचं लग्न असेल तर कपाळावरची जागा आधी मुंडावळ्यांसाठी राखून ठेवा आणि उरलेल्या जागेत काय बसतं ते बघा.

पैठणी किंवा नऊवारीवर तसं फार काही लागतही नाही. काठ-पदराची जर आधीच भरपूर असते. नथ, तन्मणी, चिंचपेटी हे दागिने मोत्यांचे, म्हणून मोत्याच्या मुंडावळ्या त्यांच्यात आपोआप मिसळून जातात. मांगटिका हवाच असेल तर एका साखळीचा, छोटा घ्या. मात्र चंद्रकोर लावणार असाल तर टिक्याचं पदक नेमकं तिच्यावर येऊन बसतं, तेव्हा दोघांतलं एकच निवडा. मी चंद्रकोर निवडेन. मुंडावळ्यांची दोरी अंबाड्याच्या खालून बांधा आणि कानांच्या वर एकेक छोटी पिन लावा, म्हणजे त्या घसरत नाहीत.

हौस करायची तर ती अंबाड्यावर करा. राखडी, मूद, केवडा, अग्रफूल हे आपले केसांतले जुने दागिने. आजीच्या डब्यात त्यातलं एखादं नक्की सापडेल. पॉलिश करून घेतलं आणि भोवती मोगऱ्याचा गजरा माळला की अंबाडा भरून दिसतो. नवरी दिवसभर नमस्कारासाठी वाकत असते, तेव्हा सगळ्यांना दिसतो तो अंबाडाच.

लेहंग्याचं गणित वेगळं. तिथे डोक्यावरून ओढणी येते, तिचंही वजन असतं. ओढणी जरदोसीची असेल तर माथापट्टी हलकी हवी. ओढणी नेटची असेल तर थोडी भारी चालेल. गळ्यात मोठा हार आणि कपाळावर मोठी पट्टी असली की मधे चेहरा हरवतो. कपाळ लहान असेल तर नुसता टिका बरा. लखनौ-हैदराबादकडचा पासा, म्हणजे डोक्याच्या एका बाजूला लावतात तो झूमर, मला फार आवडतो. पण ओढणीनं तीच बाजू झाकली जाणार असेल तर त्यावर खर्च कशाला?

सासर दुसऱ्या प्रांतातलं असेल तर खरेदीआधी सासूबाईंना सरळ विचारा की कोणत्या विधीला काय घालतात. तमिळ लग्नात कांजीवरमवर नेत्तिचुट्टी असते आणि भांगाच्या दोन बाजूंना सूर्य-चंद्र. बंगाली नवरीचा पांढरा मुकुट शोला वनस्पतीच्या गाभ्याचा असतो. तो वजनाला अगदी हलका, पण दाबला की मोडतो, त्यामुळे केशरचना त्याच्या बेतानं करावी लागते. मुंडावळ्या आणि सासरचा दागिना एकाच वेळी नकोत. एक मुहूर्ताला, दुसरा नंतर.

वसई किंवा गोव्याकडच्या मैत्रिणींनो, तुमच्या गाऊनलाही हाच न्याय. व्हेलला रुंद लेस असेल तर टिआरा बारीक घ्या. राणी व्हिक्टोरियानं 1840 मध्ये स्वतःच्या लग्नात मुकुटाऐवजी संत्र्याच्या फुलांची माळ डोक्यावर घातली होती. तिच्याकडे मुकुट कमी नव्हते!

विकत घेतलेली वस्तू लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा डोक्यावर चढवू नका. आधी एकदा घरी, लग्नात करणार आहात तीच केशरचना करून, तासभर घालून बसा. वाकून नमस्कार करा. पाटावर मांडी घालून, होमाकडे बघतो तशी मान खाली घाला. मग बहिणीला डोक्यावरून तुमच्या गळ्यात टॉवेल घालायला सांगा, कारण वरमाला घालताना हार अडकतो तो नेमका माथापट्टीच्या मागच्या हुकात. डोकं दुखायला लागलं, कपाळाला खाज आली, तर बदलायला वेळ हातात असतो. आणि हो, होमाजवळ बसताना ओढणी मागून नीट पिनअप केलेली हवी, नेटची असेल तर विशेषच.

बहिणीनं ती माथापट्टी रिसेप्शनला लेहंग्यावर घातली. तिथे हार नव्हते, अक्षता नव्हत्या आणि खरंच ती छान दिसली. पुढच्या महिन्यात आमच्याकडे आणखी एक लग्न आहे. तिनं आत्ताच निरोप पाठवलाय, "हवी असेल तर घेऊन जा. फक्त लेहंग्यावर."