चिरा छोटा, बिल मोठं

सांगली-मिरज रस्त्यानं जाताना हल्ली एक फ्लेक्स हमखास दिसतो. हसरे आजोबा, हातात काठी नाही, आणि खाली ठळक अक्षरात: "छोट्या चिऱ्यातून खुबा बदला, तिसऱ्या दिवशी घरी चला!"

गेल्या वर्षी आमच्या आईचा खुबा बदलायचा होता. वय ६८, सांधा पार झिजलेला, रात्री कूस बदलली तरी कळ यायची. एका हॉस्पिटलात गेलो (नाव घेत नाही, प्रश्न एकट्या त्यांचा नाही). डॉक्टरांच्या आधी पॅकेजवाल्या मॅडम भेटल्या. साध्या पद्धतीचा एक दर, छोट्या चिऱ्याचे ८० हजार जास्त. मी विचारलं, जास्तीचं नेमकं काय मिळणार? तर म्हणाल्या, "दादा, मोठ्या चिऱ्यात सगळे स्नायू कापतात. आईंना एवढा त्रास देणार का तुम्ही?"

पोराच्या काळजाला हात घालून पैसे काढायची ही रीत. आणि वर ते वाक्य धादांत खोटं.

आता मुद्दा समजून घ्या. जॉन चार्नली या सर्जननी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये या ऑपरेशनची घडी बसवली. नेहमीचा चिरा साधारण १५ ते २५ सेंटिमीटरचा, 'मिनी' म्हणजे १० च्या आतला. पण आत काम तेच! झिजलेला बॉल काढायचा, वाटी घासून नवी बसवायची, मांडीच्या हाडात दांडा बसवायचा. मागच्या बाजूनं छोटा चिरा घेतला तरी आतले तेच लहान स्नायू सोडवावे लागतात आणि परत शिवावे लागतात. दार लहान केलं म्हणून घरातलं काम कमी होत नाही.

हे माझं मत नाही. बेलफास्टच्या डॉक्टरांनी २१९ रुग्णांवर तुलना करून २००५ मध्ये निष्कर्ष छापले. काहींना १० सेंटिमीटरपर्यंतचा चिरा, बाकीच्यांना १६ चा. रक्त चढवण्याची गरज, वेदना, चालायला लागणं, हॉस्पिटलातले दिवस, कशातच लक्षणीय फरक नाही.

पुढच्या बाजूनं, स्नायूंच्या मधून वाट काढून करायची पद्धत मात्र वेगळी आहे. तिचा पहिल्या काही आठवड्यांत थोडा फायदा दिसतो, हे मान्य. पण काही महिन्यांत दोन्ही रुग्ण जवळपास सारखेच चालतात. शिवाय ती शिकायला अवघड. हात बसेपर्यंत मांडीचं हाड मोडण्याचा धोका जास्त, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो. हे फ्लेक्सवर कुठं लिहिलंय?

मग तिसऱ्या दिवशी घरी कसे जातात? चांगली भूल, सांध्याभोवती वेदनाशामक इंजेक्शन, रक्तस्राव कमी करणारं औषध आणि लगेच उभं करणारा फिजिओथेरपिस्ट. हे सगळं मोठ्या चिऱ्यातही करता येतं. श्रेय मात्र चिरा खातो, आणि बिलही त्याच्याच नावावर फाटतं.

खरा फरक पडतो सर्जनच्या हातानं आणि बसवलेल्या सांध्यानं. २०१० मध्ये डीप्यू कंपनीनं आपला धातूवर धातू घासणारा 'एएसआर' खुबा जगभरातून परत मागवला. तो भारतातही बसवला गेला होता. त्या लोकांना पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावं लागलं तेव्हा चिऱ्याची लांबी कुणाच्या कामाला आली?

माझा राग डॉक्टरांवर नाही. चांगले सर्जन स्वतःच सांगतात की छोट्या चिऱ्याच्या हट्टापायी सांधा वाकडा बसवण्यापेक्षा दोन इंच जास्त कापलेलं बरं. राग आहे तो भीती विकणाऱ्या मार्केटिंगवर. स्वीडनमध्ये १९७९ पासून खुब्याच्या ऑपरेशनांची देशभर नोंद ठेवतात. कुठला सांधा किती वर्षं टिकला ते कळतं. आपल्याकडं अशी नोंद सक्तीची का नाही? फ्लेक्स लावायला पैसे आहेत, मग आपले आकडे लावायला काय हरकत आहे?

तोवर आपणच विचारायचं. डॉक्टर, ही पद्धत तुम्ही किती जणांवर केलीत? किती जणांचा सांधा निखळला, किती जणांना जंतुसंसर्ग झाला? कुठल्या कंपनीचा, कुठल्या मॉडेलचा सांधा? त्याचं स्टिकर फाइलला लावून द्याल ना? जास्तीचे पैसे कशाचे, ते लेखी द्या. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचा नियम महाराष्ट्रात २०२१ पासून आहे. ते कुठं लावलंय, तेही विचारा. लाजू नका.

आईचं ऑपरेशन शेवटी दुसरीकडं, वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या सर्जनकडं, नेहमीच्या पद्धतीनं झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली. आता मंडईत पिशवी घेऊन एकटी जाते. व्रण वीतभर आहे. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "साडीखाली कोण पट्टी घेऊन मोजायला येतंय रे?"

ज्यांच्या घरी खुब्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यांच्यापर्यंत हे पोचवा.