आधी कुलूप बदला!

परवा नात पुण्याहून आली ती गप्प गप्पच. रात्री खोदून विचारलं तेव्हा फोनवर कंपनीचं पत्र दाखवलं. ‘आपणांवर शिस्तभंगाची कारवाई का करू नये?’ नोकरीला लागून तीन महिनेही झाले नाहीत. गुन्हा काय, तर हिच्या कोडबरोबर डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइलही गिटमध्ये गेली, आणि ती रिपॉझिटरी साऱ्या जगाला उघडी होती.

"आजोबा, तुम्हाला नाही कळणार." म्हटलं, कळेपर्यंत सांग. बारा वाजले, पण कळलं.

गिट म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं रजिस्टर. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी ते बनवलं. आमच्या शाळेतलं जनरल रजिस्टर आठवा. तिथे खोडरबर चालत नाही. चुकीच्या नोंदीवर आडवी रेघ, वर बरोबर नोंद, शेजारी मुख्याध्यापकांची सही. रेघेखालचं मात्र वाचता येतंच. गिटचंही तसंच. आज फाइल काढलीत तरी कालच्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी असते. इतिहास पुसण्याची साधनं आहेत, पण तोवर कुणी प्रत उतरवून घेतली असेल तर ती त्याच्याकडेच राहणार. आणि असे पासवर्ड हुंगणारे प्रोग्राम तिथे रात्रंदिवस हिंडत असतात. तेव्हा बाहेर गेलेला पासवर्ड मेला म्हणायचं. जुना रद्द करून नवा घेणं, हाच उपाय.

"मग साहेबांनी काय केलं?"
"फाइल काढायला लावली आणि हे पत्र दिलं."
"आणि पासवर्ड?"
"तो सोमवारी बदलणार आहेत."
प्रकार घडला होता गुरुवारी! इथे माझं डोकं सणकलं.

आमच्या शाळेत एकदा प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली हरवली. मुख्याध्यापकांनी आधी नवं कुलूप आणवलं, समोर उभं राहून बसवून घेतलं, आणि मग विचारलं, किल्ली कुणाकडे होती? (माझ्याकडे होती. बोलणी खाल्ली. असो.)

तुम्ही म्हणाल, लहान कंपनी, चालायचंच. मोठ्यांचं पाहा. टोयोटाच्या टी-कनेक्ट सेवेचा काही कोड एका कंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर उघडा ठेवला. त्यात सर्व्हरची किल्ली होती. सप्टेंबर २०२२ पर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही! २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते धोक्यात आले. कोड झाकला १५ तारखेला, किल्ली बदलली १७ तारखेला.

उबरची गोष्ट तर याहून वाईट. २०१४ मध्ये त्यांच्या एका इंजिनिअरची किल्ली गिटहबवर उघडी पडली, आणि ती एकच किल्ली साऱ्या डेटाला चालत होती. शहाणपण आलं? २०१६ मध्ये चोर त्यांच्या खासगी रिपॉझिटरीत शिरले आणि तिथेही किल्ल्या होत्याच. ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. कंपनीने चोरांना एक लाख डॉलर दिले आणि वर्षभर तोंड मिटून बसली. २०२२ मध्ये त्यांचे माजी सुरक्षाप्रमुख जो सुलिव्हन न्यायालयात दोषी ठरले, ते हे लपवल्याबद्दल.

माझ्या नातीची चूक नाही का? आहे. फाइल पाठवण्याआधी पाहायला हवी होती. पण खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड तीन महिन्यांच्या पोरीच्या संगणकावर, साध्या फाइलमध्ये, कुणी ठेवला? तिला सरावासाठी खोटा डेटा का दिला नाही? गिटला ‘ही फाइल घेऊ नकोस’ असं सांगणारी यादी असते, ती का केली नव्हती? कोड बाहेर जाण्याआधी तपासणारे प्रोग्राम फुकट मिळतात. गिटहबने २०२४ पासून उघड्या रिपॉझिटरींत ओळखीच्या किल्ल्या दारातच अडवायला सुरुवात केली. साधा पासवर्ड मात्र त्याला ओळखता येईलच असं नाही, तो माणसांनीच सांभाळायचा. ही कामं साहेबांची! त्यांना कोण पत्र देणार? आणि ज्यांची नावं, फोन नंबर त्या डेटाबेसात आहेत, त्यांना अजून कुणी अवाक्षर कळवलेलं नाही.

उत्तर आम्ही दोघांनी बसून लिहिलं. चूक सरळ कबूल केली आहे. शेवटी एक ओळ घातली : ‘पासवर्ड बदलला का, हे कृपया कळवावे.’ ती म्हणाली, आजोबा, ही ओळ काढू या, साहेब चिडतील. मी काढू दिली नाही.