‘थोडं दुखेल’ म्हणजे किती?

तांबी बसवायला आलेल्या बाईला ‘थोडं दुखेल, दोन मिनिटांचं काम आहे’ असं सांगायची रीत आहे. दोन मिनिटं बहुधा खरी असतात. ‘थोडं’ हा मात्र बसवणाऱ्याचा अंदाज. तो किती चुकतो हे मोजलं गेलं आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बायकांनी आपल्या सर्वाधिक वेदनेला शंभरपैकी सरासरी ६५च्या आसपास गुण दिले, तर बसवणाऱ्यांनी त्याच वेदनेला दिले ३५. बाळंतपणाच्या कळा सोसलेल्या बाईला याचं काय, असं यावर म्हटलं जातं. योनिमार्गे प्रसूती झालेल्यांना त्रास कमी होतो, हे खरंच. पण केवळ सिझेरियन झालेल्यांना तो दिलासा फारसा मिळत नाही.

वेदनाशमनाच्या विरोधकांचा खरा भक्कम मुद्दा वेगळा आहे: उपाय करून बघितले, ते चालत नाहीत. आधी घेतलेली आयबुप्रोफेनची गोळी तांबी बसतानाची कळ कमी करत नाही. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची दोन टक्क्यांची जेली लावूनही विशेष फरक पडत नाही, आणि मिसोप्रोस्टॉल या औषधाने उलट पोटात मुरडा येतो. हे सारं मान्य. पण यावरून ‘सोसा’ हा निष्कर्ष निघत नाही. गर्भाशयाचं तोंड चिमट्याने धरलं जातं, मग खोली मोजणारी सळई आत जाऊन वरच्या टोकाला टेकते; तोंडाच्या आणि टोकाच्या संवेदना वेगवेगळ्या मज्जातंतूंतून जातात. वरवर लावलेली जेली तिथवर पोचणार कशी? तोंडाभोवती भुलीचं इंजेक्शन, म्हणजे पॅरासर्व्हायकल ब्लॉक, दिलं की चित्र बदलतं. मूल न झालेल्या स्त्रियांवरच्या २०१८च्या चाचणीत तांबी बसतानाच्या वेदनेचा मध्यांक ब्लॉक घेतलेल्यांत ३३ होता, न घेतलेल्यांत ५४. सुई स्वतःही दुखते, हा आक्षेप रास्त आहे. त्याच चाचणीत सुईचं दुखणं नोंदलं गेलं, तरी एकूण वेदना ब्लॉकवाल्यांचीच कमी भरली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ऑगस्ट २०२४मध्ये लिग्नोकेनचा पर्याय आणि वेदनेविषयी आधी बोलणं, दोन्ही आपल्या शिफारशींत घातलं.

‘आपल्याकडे एवढं कुठून आणायचं?’ लिग्नोकेन काही दुर्मीळ नाही. बाळंतपणानंतर टाके घालताना तेच वापरतात. उपकेंद्रात एकट्या परिचारिकेकडून (एएनएम) ब्लॉकची अपेक्षा ठेवणं आज व्यवहार्य नाही, हे कबूल. पण खरं सांगणं, मध्ये थांबणं आणि हवं तर वरच्या दवाखान्यात पाठवणं तिच्या हातात आहे.

राहिला शेवटचा आक्षेप: खरं सांगितलं तर बायका घाबरतील. न सांगून काय साधलं? १९६५मध्ये गाजावाजा करून आलेल्या लूप या गर्भाशयात बसवायच्या साधनाची पत दुखण्याच्या, रक्तस्रावाच्या आणि नंतर कुणी विचारपूस न केल्याच्या कहाण्यांनी घालवली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांमध्ये स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, तांबी जेमतेम २.१ टक्के. एवढी तफावत केवळ वेदनेमुळे आहे म्हणणं अतिरेक होईल. पण फसवली गेलेली बाई गल्लीत काय सांगते, ते कुठल्याही पत्रकापेक्षा लांब जातं.

तेव्हा तांबी बसवून घेणारीने टेबलावर चढण्याआधीच विचारावं: भुलीचं इंजेक्शन मिळेल का, आणि मी ‘थांबा’ म्हटलं तर थांबाल का? दुसऱ्या उत्तराला पैसा लागत नाही. ते ‘नाही’ आलं, तर सरळ दुसरा दवाखाना गाठावा.