दारावरची पाटी आणि कमरेचे पिस्तूल

ह्यूस्टन किंवा डॅलसला मुला-मुलींकडे गेलेल्या मराठी पालकांना तेथील दुकानांच्या, रुग्णालयांच्या दारावर एक लांबलचक मजकूर हमखास दिसतो. इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत, ठळक अक्षरांत लिहिलेला हा मजकूर म्हणजे पिस्तूल घेऊन आत येण्यास केलेली मनाई होय. पिस्तुलावर तिरकी लाल रेघ मारलेले चित्र लावले असते तर हेच काम झाले नसते काय, असा प्रश्न पाहुण्याला पडतो. टेक्सासच्या कायद्याचे उत्तर आहे, नाही. शस्त्र बाळगण्याचा परवाना असलेल्या इसमावर गुन्हा दाखल व्हायचा असेल, तर पाटीवर कायद्यात दिलेलाच मजकूर, शब्दाला शब्द, असावा लागतो.

खासगी जागेवर लावलेली ‘शस्त्रास मनाई’ ही पाटी कायद्याने बंधनकारक असते का, या साध्या प्रश्नाला अमेरिकेत एक उत्तर नाही. राज्याची सीमा ओलांडली की त्याच पाटीचा अर्थ बदलतो. न्यूयॉर्क, हवाई यांसारख्या राज्यांनी तर हा प्रश्नच उलटा करून टाकल्याने वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे.

मूळ हक्क कोणाविरुद्ध?

अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने नागरिकाला वैयक्तिकरीत्या शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात स्पष्ट केले. जून २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात हा हक्क घराबाहेर, सार्वजनिक ठिकाणीही लागू असल्याचा निर्णय सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने झाला. परंतु हा हक्क सरकारविरुद्धचा आहे. दुकानदार, घरमालक किंवा देवळाचे विश्वस्त म्हणजे सरकार नव्हे. आपल्या जागेत कोणाला येऊ द्यायचे, हे ठरविण्याचा मालकाचा अधिकार त्याहून जुना आहे. मालकाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या जागेत शस्त्र नेण्याचा हक्क दुसरी दुरुस्ती देत नाही, असे अकराव्या विभागीय अपील न्यायालयाने २०१२ मध्ये जॉर्जियातील प्रार्थनास्थळांसंबंधीच्या खटल्यात नमूद केले.

म्हणजे मनाई करण्याचा अधिकार मालकाला आहे, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो ती मनाई कशी कळवायची आणि ती मोडल्यास काय होणार, याबद्दल.

एका पाटीचे तीन अर्थ

पहिला प्रकार टेक्सासचा. येथे दंडसंहितेच्या कलम ३०.०६ नुसार लपवून बाळगलेल्या आणि कलम ३०.०७ नुसार उघड बाळगलेल्या पिस्तुलासाठी स्वतंत्र पाट्या लागतात. अक्षरे किमान एक इंच उंचीची आणि पार्श्वभूमीवर उठून दिसणारी हवीत. २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगण्यास मुभा मिळाल्यावर तशा व्यक्तींसाठी तिसरी, कलम ३०.०५ ची पाटी आली. सर्वांनाच मनाई करू इच्छिणाऱ्या मालकाच्या दारावर त्यामुळे तीन-तीन पाट्या दिसतात. परवानाधारकाने योग्य पाटी डावलली तर दोनशे डॉलरपर्यंत दंड होतो. तोंडी सांगूनही तो बाहेर गेला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. इलिनॉयने २०१३ मध्ये कायदा करताना सुटसुटीत मार्ग निवडला. तेथे चार बाय सहा इंचांची, राज्य पोलिसांनी ठरवून दिलेल्या नमुन्याची चित्रपाटी पुरते.

दुसरा प्रकार मधला. मिझुरीमध्ये परवानाधारकाने पाटी ओलांडणे हा स्वतःहून गुन्हा ठरत नाही. त्याला बाहेर जाण्यास सांगितले जाते. तो गेला नाही आणि पोलीस बोलवावे लागले, तर पहिल्या वेळी शंभर डॉलरपर्यंत दंड होतो. मिनेसोटाच्या कायद्याने तर पाटीवरील अक्षराचे वळणही ठरवून दिले आहे. एरियल टंक, दीड इंच उंची, प्रवेशद्वारापासून चार फुटांच्या आत. एवढे सोपस्कार करूनही, सांगितल्यावर बाहेर न जाणाऱ्या परवानाधारकाला पहिल्या वेळी होणारा दंड कमाल पंचवीस डॉलर!

तिसरा प्रकार फ्लोरिडाचा. येथे खासगी जागेवरील अशा पाटीला शस्त्रविषयक कायद्यात वेगळे बळ नाही. ग्राहक शस्त्रासह आत आला, तर मालकाने किंवा त्याच्या नोकराने त्याला निघून जाण्यास सांगायचे. त्याने नकार दिला की मग मात्र तो सशस्त्र अतिक्रमणाच्या गंभीर गुन्ह्यास पात्र ठरतो. कायद्याच्या दृष्टीने ही व्यवस्था नीटस आहे. पण रात्री अकरा वाजता पेट्रोल पंपाच्या दुकानात एकट्याने गल्ला सांभाळणाऱ्या नोकराने कमरेला पिस्तूल असलेल्या इसमाला ‘बाहेर जा’ असे सांगायचे, हा तिचा प्रत्यक्षातील अर्थ आहे. पाटीमागे कायदा उभा नसला की जोखीम सर्वांत कमी पगाराच्या माणसावर येऊन पडते.

मोठ्या कंपन्यांनी ही अडचण ओळखलेली दिसते. सप्टेंबर २०१३ मध्ये स्टारबक्सचे तत्कालीन प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी ग्राहकांना खुले पत्र लिहून शस्त्रे न आणण्याची विनंती केली. ही विनंती आहे, बंदी नव्हे, हेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले. ऑगस्ट २०१९ मध्ये टेक्सासमधील एल पासो येथील वॉलमार्टमध्ये झालेल्या हत्याकांडानंतर वॉलमार्टनेही शस्त्रे उघडपणे मिरवू नयेत, अशी विनंतीच केली.

पाटीची हद्दही दारापाशी संपते. फ्लोरिडाने २००८ मध्ये आणि टेक्सासने २०११ मध्ये कायदे करून, कर्मचाऱ्याला कुलूपबंद मोटारीत कायदेशीर शस्त्र ठेवण्यास बहुतेक मालकांनी हरकत घेऊ नये, असे ठरविले. कचेरीत मनाई, पण वाहनतळावर मुभा, अशी ही विभागणी आहे.

पाटी नसेल तर?

आजवर गृहीत असे होते की, दुकान उघडे आहे आणि मनाई केलेली नाही, तर शस्त्र चालते. ब्रुएन निकालानंतर न्यूयॉर्कने हे गृहीतक उलटविले. १ सप्टेंबर २०२२ पासून तेथे मालकाची स्पष्ट संमती असल्याखेरीज खासगी जागेत शस्त्र नेणे गुन्हा ठरविण्यात आले. म्हणजे मनाईच्या नव्हे, परवानगीच्या पाटीची गरज निर्माण झाली. दुसऱ्या विभागीय अपील न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये, लोकांसाठी खुल्या असलेल्या दुकानांसारख्या जागांपुरती या तरतुदीची अंमलबजावणी रोखली.

हवाईने २०२३ मध्ये तसाच कायदा केला. नवव्या विभागीय अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये या नियमावरील स्थगिती उठविली. त्याच निकालात कॅलिफोर्नियाचा नियम मात्र अडला. हवाईत संमती तोंडी, लेखी किंवा पाटीद्वारे देता येते, तर कॅलिफोर्निया केवळ पाटीच मान्य करीत होता, हा फरक निर्णायक ठरला. हवाईचे प्रकरण, वोल्फर्ड विरुद्ध लोपेझ, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीस घेतले.

ब्रुएनच्या कसोटीनुसार अशा निर्बंधाला ऐतिहासिक आधार दाखवावा लागतो. हवाईच्या बाजूने पुढे आलेल्या दाखल्यांत न्यू जर्सीचा १७७१ चा आणि लुइझियानाचा १८६५ चा कायदा आहे. यातील दुसरा दाखला अडचणीचा आहे. गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना निःशस्त्र ठेवण्यासाठी त्या काळी दक्षिणेत जे कायदे झाले, त्याच मालिकेतील तो असल्याचा आक्षेप घेतला जातो. कायदा समर्थकांचे म्हणणे असे की, परक्याच्या जागेत शस्त्र नेण्यापूर्वी विचारावे, ही साधी रीत आहे. विरोधक म्हणतात, बहुसंख्य दुकानदार कोणतीच पाटी लावत नाहीत. त्यांचे मौन म्हणजे नकार मानला, तर न्यायालयाने दिलेला हक्क रस्त्यावरच संपतो.

शिष्टाचाराचा नव्हे, जबाबदारीचा प्रश्न

भारतात शस्त्र बाळगणे हा हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळणारा तो परवाना आहे. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा वाद अक्षरांच्या उंचीचा वाटू शकतो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना मात्र तो दूरचा नाही. टेक्सासने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, प्रार्थनास्थळांनी रीतसर मनाई कळविली नसेल तर परवानाधारकाला तेथे शस्त्र नेता येते, हे स्पष्ट केले. म्हणजे गणेशोत्सवासाठी मंदिरात जमणाऱ्या मंडळींच्या बाबतीत निर्णय विश्वस्तांवर येतो आणि तो घेतला नाही, तर मौन हाच निर्णय ठरतो.

२०२४ पर्यंत अमेरिकेतील २९ राज्यांनी परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मुभा दिली होती. परवान्याच्या निमित्ताने होणारी चाळणी जेथे गेली, तेथे दारावरच्या पाटीचे महत्त्व वाढले आहे. ती पाटी खिळ्याने नव्हे, राज्याच्या कायद्याने भिंतीला धरून राहते. कायद्याचा आधार नसेल, तर तिच्यावरील शब्द खरे करण्याचे काम गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसालाच करावे लागते.