प्रतीक्षेचे चार आठवडे
मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली, की रुग्णाला घरचे सांगतात: पडून राहा. सल्ला प्रेमाचा, पण चुकीचा. २०२३ मध्ये ‘जामा सर्जरी’त आलेल्या २५१ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम, पोषक आहार, मानसिक आधार व धूम्रपानमुक्तीसाठी मदत मिळालेल्यांत गंभीर गुंतागुंत १७.१ टक्के होती; इतरांत २९.७. (कोविडमुळे चाचणी नियोजनाआधीच थांबली, हे विसरू नये.) यात महागडे औषध एकही नाही. तरीही आपल्याकडे जाहिराती झळकतात त्या रोबोटिक शस्त्रक्रियेच्या, आणि धर्मशाळेत तारखेची वाट पाहणाऱ्या रक्तक्षयी रुग्णाची गाठ आहारतज्ज्ञाशी क्वचितच पडते. त्याच्या भीतीची तर केसपेपरवर नोंदही नसते. तारीख लिहिली जाते त्याच कागदावर आहार, व्यायाम आणि समुपदेशन लिहायला कोणत्या निधीची वाट पाहायची आहे?