कॅमेऱ्याचे रिव्ह्यू : स्टार मोजायचे की मजकूर वाचायचा?
पाच स्टार दिसले म्हणून ५०-६० हजारांचा कॅमेरा मागवावा का? बनावट रिव्ह्यूंना आळा घालण्यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये 'आयएस १९०००' हे भारतीय मानक आले. मात्र ते ऐच्छिक स्वरूपात लागू झाले. त्यामुळे पारख ग्राहकालाच करावी लागते.

डिलिव्हरीच्या दिवशीच लिहिलेल्या कौतुकातून फार तर पॅकिंग कळते. काही महिने वापरलेल्यांचे दोन-तीन स्टारचे रिव्ह्यू आधी वाचावेत. ऑटोफोकस, बॅटरीबद्दल एकच तक्रार अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत केली असेल, तर सावध व्हावे. कमी उजेडातले मूळ आकाराचे फोटो झूम करून पाहावेत. भारतातली वॉरंटी आणि जीएसटी बिल मिळेल याची खात्री करूनच पैसे भरावेत. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.